अनुभव धागा: घरकामाच्या बायकांचा सुट्टीचा दिवस

नाशिकमध्ये घरकामासाठी पेठ-सुरगाण्यापासून जालना-नंदुरबारपर्यंतच्या आणि अलीकडे झारखंडकडच्याही बायका-मुली येतात. त्यांच्याविषयी घरोघरी पुष्कळ बोलले जाते, पण ते बहुधा त्या आल्या नाहीत म्हणून. त्या दिवशी त्या कुठे असतात, हे फारसे कोणी विचारत नाही. हे काम स्वतः केलेल्यांनी किंवा त्यांच्या घरच्यांनी आधी लिहावे. मालकीणबाईंनीही जरूर लिहावे, मात्र केवळ स्वतः पाहिलेले. कोणाचेही नाव घालू नये, एवढीच विनंती.

पेठ तालुक्यातील एका बाईंची मुलगी

माझी आई गंगापूर रोडवरील एका घरी अकरा वर्षे मुक्कामी कामाला होती. महिन्याला दोन सलग दिवस सुट्टी असे ठरलेले होते. आदल्या रात्रीची भांडी आवरून ती पिशवी भरून ठेवी आणि पहाटेच्या एसटीने निघे. त्या पिशवीत काय असे, ते मला अजून पाठ आहे: पावाची लादी, शेव, आजीच्या गुडघ्याचे मलम, मालकीणबाईंनी दिलेले जुने कपडे आणि माझ्यासाठी एक वही. घाटात तिला मळमळत असल्यामुळे ती उपाशीपोटीच प्रवास करी आणि घरी पोचल्यावर पाणी पिऊन थेट कामाला लागे. नागली दळून आणणे, रेशन भरणे, आजीला न्हाऊ घालणे, राहिलेले सारवण, हे सर्व दुसऱ्या दिवशीच्या दुपारच्या गाडीआधी उरकायचे असे. आई निवांत बसलेली मला आठवत नाही. रात्री मात्र ती मला चुलीपुढे धडा मोठ्याने वाचायला लावी आणि ऐकता ऐकता तिथेच झोपी जाई.

पावसाळ्यात आवणी सुरू झाली की तिला पंधरा दिवस गावी राहावेच लागे, कारण लावणीला आलेली भाताची रोपे कोणाच्या सोयीसाठी थांबत नाहीत. चिखलात दिवसभर वाकून काढलेल्या त्या दिवसांना मालकीणबाईंच्या वहीत ‘खाडा’ हाच शब्द होता आणि त्यांचा पगार कापला जाई. २०२३ च्या मार्चमध्ये एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाले, तेव्हा आईचे काम सुटून वर्ष उलटले होते. बातमी ऐकून ती एवढेच म्हणाली, की दर खेपेला पावाची आणखी एक लादी झाली असती.

फुलेनगरमधून (मी सांगितले आणि मुलाने लिहिले)

आम्ही मूळचे जालन्याकडचे. पाच घरची धुणीभांडी करते. रविवारी सगळे घरी असतात, पाहुणे येतात, भांडी दुप्पट पडतात. त्यामुळे रविवारची सुट्टी कोणीच देत नाही. यजमानांच्या कंपनीला शनिवारी सुट्टी असते आणि मला मिळालीच तर मधल्या वारी मिळते. लग्नाला चौदा वर्षे झाली, पण दोघांची सुट्टी एका दिवशी आली ती केवळ दिवाळीच्या पाडव्याला.

माझी खरी सुट्टी म्हणजे घट बसण्याआधीचा एक दिवस. वस्तीतल्या सात-आठ जणी मिळून गोधड्या घेऊन गंगेवर जातो. नदीचे नाव गोदावरी असले तरी इथे सगळे गंगाच म्हणतात. ओली गोधडी एकटीला उचलत नाही, दोघींनी दोन टोके धरून पिळावी लागते, आणि पिळता पिळता वर्षभराचे बोलणे होते. वाळेपर्यंत घाटाच्या पायऱ्यांवर भाकरी-ठेचा खातो. सुट्टीच्या दिवशीही धुणेच धुते म्हणून मुलगा हसतो. हसू दे, पण हे धुणे माझ्या घरचे आहे.

कॉलेज रोडवरील एक गृहिणी

मावशींच्या न येण्यावर मी कॅलेंडरमध्ये फुल्या मारत असे, हे लिहायला आज संकोच वाटतो. एकदा सगळ्या फुल्या बुधवारच्याच असल्याचे लक्षात आले आणि मी काहीशा रागानेच कारण विचारले. त्या म्हणाल्या, ‘‘ताई, बुधवारी बाजार नसतो का?’’ पुढे एका बुधवारी मी गंगाघाटावर गेले, तेव्हा त्या बाजारात बोंबलाच्या ढिगाशी उकिडव्या बसून मूठभर बोंबील हुंगून पाहत होत्या आणि विक्रेत्याला ठणकावत होत्या. आमच्या ओट्याशी त्यांचा इतका मोठा आवाज मी कधीच ऐकला नव्हता. बुधवारची सुट्टी आता ठरलेली आहे. मात्र पावसाळ्यात धरणातून पाणी सुटून नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती बुडू लागली की घाटावर बाजार भरत नाही. त्या बुधवारी त्या कामाला येतात आणि दिवसभर कुरकुरतात.

निवृत्त शासकीय कर्मचारी, इंदिरानगर

आमच्या ताईंना सुट्टीच्या दिवशी नोंदणीसाठी मीच घेऊन गेलो होतो. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा आहे आणि १८ ते ६० वयाच्या घरकामगारांची त्याखाली नोंदणी होते. तिथे मालकाचा दाखला हवा होता म्हणून मी होतो. बाकीच्या बायका तो मिळवण्यासाठी दुसरी एक सुट्टी घालवणार होत्या. तीन वाजेपर्यंत रांगेत बसून त्यांनी मला विचारले, की या कार्डावर आठवड्याची सुट्टी मिळते का. मला ‘नाही’ म्हणावे लागले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०११ च्या १८९ क्रमांकाच्या करारात घरकामगारांना आठवड्यातून सलग २४ तास विश्रांती सांगितली आहे, परंतु भारताने तो अजून अनुसमर्थित केलेला नाही. हे सारे मी त्यांना रिक्षात समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि वाटेत रिक्षा थांबवून कोथिंबीर घेतली.

निवृत्त शिक्षिका, नाशिकरोड

आमच्या इमारतीत झारखंडची एक मुलगी मुक्कामी काम करते. तिला रविवारी नऊ ते एक एवढीच मोकळीक आहे. ती चर्चला जाते आणि मिस्सा संपल्यावर तिच्याच भागातील दोन मुलींसोबत झाडाखालच्या बाकावर बसते. तिघी सादरी या त्यांच्याकडच्या बोलीत बोलतात. त्यातले मला काही कळत नाही, पण घरात दबकून हिंदी बोलणारी ही मुलगी तिथे दुसरीच वाटते. फेब्रुवारीत बाळ येशूची यात्रा असते, तेव्हा तिला पूर्ण दिवस मिळतो. या वर्षी तिने त्या गर्दीत स्वतःसाठी लाल बांगड्या घेतल्या, आणि कामात फुटतील म्हणून त्या डब्यात ठेवल्या आहेत.

अंथरुणाला खिळलेल्या आजींना सांभाळणारी, मूळ गाव नंदुरबारकडे

मला पूर्ण दिवसाची सुट्टी नाही. गुरुवारी आजींची लेक येते, तेव्हा दोन ते पाच मी मोकळी असते. एवढ्या वेळात गाव गाठता येत नाही आणि इथे माझे ओळखीचे कोणी नाही. म्हणून मी नाशिकरोडहून निमाणीपर्यंत सिटीबसमध्ये बसते, खिडकीची जागा मिळाली तरच; नाहीतर पुढची बस पाहते. द्वारका येईपर्यंत डोळा लागतो. निमाणीला सगळे उतरतात, मी बसूनच राहते. पहिल्यांदा कंडक्टरने विचारले, ‘‘बाई, कुठे जायचे?’’ मी म्हटले, ‘‘परत.’’ आता तो विचारत नाही, परतीचे तिकीट तेवढे फाडून देतो.