उत्तर: काँग्रेसमनना (अमेरिकी संसदेतल्या आपल्या प्रतिनिधीला) पाठवायचं पत्र – सह्या आणि शंका

> नमस्कार मंडळी,
> मसुदा वाचला. भावना समजते, पण मंडळात राजकारण कशाला? आपण सगळे कागदपत्रं पुरी करून, रांगेत उभे राहून आलो. आणि युद्धाचं म्हणाल तर ते ठरवणारे आपण कोण?

काका, नमस्कार.

तुमची पहिली शंका रास्त आहे. आपलं मंडळ ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त ना-नफा संस्था आहे, उमेदवाराचा प्रचार आपल्याला अजिबात करता येत नाही. धोरणाबद्दल मर्यादेत राहून बोलता येतं. पत्रात कुठल्याच पक्षाचं नाव नाही.

रांगेचं मात्र मला पटत नाही. भगतसिंग थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते, तरी १९२३ साली सुप्रीम कोर्टाने त्यांना नागरिकत्व नाकारलं. १९४६ मध्ये भारतीयांना तो हक्क मिळाला, पण भारताच्या वाट्याला वर्षाला १०० जागा. दार खरं उघडलं ते १९६५ च्या कायद्याने. आपल्याला उभं राहायला रांग मिळाली, तीच मुळी कुणीतरी भांडून मिळवलेली.

मागच्या महिन्यात मी एका डिटेन्शन सेंटरमध्ये, जिथे इमिग्रेशनच्या केसमधल्या लोकांना कोंडून ठेवतात तिथे, दुभाषी म्हणून गेले होते. मध्ये जाड काच, दोन्हीकडे एकेक रिसीव्हर. पलीकडची वायर इतकी आखूड की तिथे कोंडलेल्या माणसाला वाकूनच बोलावं लागत होतं. केसबद्दल त्याने नंतर विचारलं. आधी विचारलं, "आज वार कोणता?" इमिग्रेशन कोर्टात सरकारी खर्चाने वकील मिळत नाही. समोर सरकारचा वकील असतो आणि ज्याला परवडत नाही तो एकटा उभा राहतो. पत्रातली पहिली मागणी वकिलाची आहे.

युद्धाचं ठरवणारे आपणच, काका. संविधानाने तो अधिकार काँग्रेसला, म्हणजे आपण निवडून दिलेल्या संसदेला दिलाय. १९७३ चा वॉर पॉवर्स कायदा सांगतो की राष्ट्राध्यक्षांनी ४८ तासांत कळवायचं, आणि मंजुरी मिळाली नाही तर ६० दिवसांनी लढाई थांबवायची. २००१ मध्ये ९/११ च्या हल्ल्यानंतर काँग्रेसने दिलेली लष्करी कारवाईची परवानगी मात्र जेमतेम ६० शब्दांची आणि बिनमुदतीची. हाउसमध्ये, म्हणजे काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहात, विरोधात एकच मत पडलं, बार्बरा ली यांचं. त्या परवानगीवर अफगाणिस्तानात २० वर्षं गेली. अमेरिकन सैन्यासाठी दुभाषाचं काम केलेले कितीतरी अफगाण इथे आले. त्यांना कायमचं राहता यावं म्हणून २०२२ मध्ये विधेयक आलं, ते त्या काँग्रेसमध्ये मंजूर झालं नाही. म्हणून वकिलाची आणि युद्धाबद्दलची, दोन्ही मागण्या एकाच पत्रात घातल्या.

सही केली नाहीत तरी माझा राग नाही. पण निदान काँग्रेसमनच्या ऑफिसला फोन करा. मतदारांच्या फोनची तिथे नोंद होते.

मी शनिवारी परत सेंटरला जाणार आहे. गाडीत दोन जागा आहेत. नावं आधी द्यावी लागतात, तेव्हा बुधवारपर्यंत कळवा.