उत्तर: सहलीचं पत्रक, ऑरेटरीचं साल (आज रात्री छपाई!)

मंडळी,
पत्रक आज रात्री छापायला जातंय. माँट्रियलच्या सेंट जोसेफ ऑरेटरी या चर्चच्या चौकटीत मागच्या वेळी उभारणीचं साल म्हणून 1967 गेलं होतं आणि बसमध्ये काय झालं ते आठवत असेलच. या वेळी 1904 टाकतोय. हरकत असेल तर नऊच्या आत कळवा.
– सहल समिती

हरकत आहे. 1904 साली तिथे होती ती 15 बाय 18 फुटांची चिमुकली प्रार्थनाखोली. लोक फोटो काढणार घुमटाचा. मोठ्या चर्चचं काम 1924 ला सुरू झालं, 1967 ला पुरं झालं. 1967च ठेवा. आणि पत्रकाचा मजकूर आजवर सांस्कृतिक समितीच बघत आली आहे. यंदा परस्पर कसा ठरला?
– माजी अध्यक्ष

काका, जीर्णोद्धाराचं साल देवळाचं म्हणून कोण सांगतं? ती खोली ब्रदर आंद्रेंच्या खटपटीतून उभी राहिली. हा माणूस समोरच्या कॉलेजात दारावर बसायचा. आजारी लोक त्यांच्याकडे यायचे, ते सेंट जोसेफच्या दिव्यातलं तेल लावायला द्यायचे. बरे झालेल्यांच्या कुबड्या आजही तिथे भिंतीला टांगलेल्या आहेत. मंदीत पैसे संपून भिंती बिनछपराच्या राहिल्या, तेव्हा म्हणाले, सेंट जोसेफचा पुतळा आत नेऊन ठेवा, छप्पर हवं असेल तर तो बघून घेईल. स्वतः 1937 ला गेले, 91व्या वर्षी. घुमट पुरा झालेला त्यांनी पाहिलाच नाही आणि तुम्ही 1967 छापणार? आम्हा वसईकरांना तरी पटणार नाही.
– सचिव

1917 ला खालचं क्रिप्ट चर्च झालं. मधलं साल आहे, दोघांचंही समाधान होईल.
– खजिनदार

समाधान करायला हा हळदीकुंकवाचा मेन्यू नाही.
– माजी अध्यक्ष

साल राहू द्या हो. 283 पायऱ्यांचं काय? यांचे गुडघे तुम्हाला माहीत आहेत.
– वरच्या गल्लीतल्या काकू

काकू, आत लिफ्ट आहे. मधल्या 99 लाकडी पायऱ्या मात्र गुडघ्यांवर चढणाऱ्या भाविकांसाठीच राखलेल्या आहेत. मागच्या खेपेला आपली काही मंडळी तिथेच डबे उघडून बसली होती. नावं घेत नाही.
– सहल समिती

त्यात आम्ही नव्हतो. मुलांसाठी हृदयाची चोरी पत्रकात घालाच. 1973 च्या मार्चमध्ये ब्रदर आंद्रेंचं जपून ठेवलेलं हृदय चोरीला गेलं, 50,000 डॉलर मागितले, आणि 1974 च्या डिसेंबरमध्ये ते शहरातल्याच एका इमारतीच्या तळघरात सापडलं. आमचा धाकटा त्याशिवाय बसमधून उतरायचा नाही.
– खजिनदार

चोरी कशाला? 2010 ला ते संत घोषित झाले ते लिहा.
– सचिव

नऊ वाजले. 1904 छापलं, 1967 कंसात. चोरी बसमध्ये माइकवर सांगू.
– सहल समिती

कंसात 1917 बसेल का?
– खजिनदार