सना बघायला जाता येईल का? नाहीतर तसंच दुसरं गाव सुचवा (ऑगस्ट, दोघं जण, बजेट 3000 दिरहम)

शारजाकर (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. जुलैअखेर बाबा माझ्याकडे येतायत. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली. वर्गात त्यांनी येमेनच्या सनाचं एक जुनं कॅलेंडर लावलं होतं: विटांची उंचच उंच घरं, खिडक्यांभोवती जिप्समची पांढरी नक्षी. आता म्हणतात, "एवढा जवळ राहतोस, तर ते दाखव." तर
१) जाता येतं का?
२) नसेल तर आसपासच्या डोंगरांतलं तटबंदीचं एखादं गाव सुचवा.
ऑगस्टचा दुसरा आठवडा, चार रात्री, सगळं मिळून 3000 दिरहम. गाडी साधी सेडान. बाबांचे गुडघे कुरकुरतात. डिसेंबरात मला रजा नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

निव्वळ_वाचक
पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. 2017 पासून भारतीय पासपोर्टवर येमेनला जायला आपल्याच सरकारची बंदी आहे. पासपोर्ट जप्त होऊ शकतो. सप्टेंबर 2014 पासून सना हुथी बंडखोरांच्या ताब्यात, आणि मे 2025 मध्ये तिथल्या विमानतळावर हल्ला झाला तो वेगळाच. यूट्यूबवर लोक येमेनमधलं शिबाम शहर नि सोकोत्रा बेट फिरताना दिसतात ना, त्यांचे पासपोर्ट बघा आधी.

मस्कतकर
ओमानमधलं निझवा. डिसेंबर. डोळे मिटून.

येमेन_रिटर्न
वरच्यांशी सहमत, जाऊ नका. पण बाबांना हे वाचून दाखवा. नोकरीनिमित्त सनाला राहिलोय, तेव्हा अधिकारवाणीने लिहितो. बाब अल-यमन या वेशीतून आत शिरलं की समोर मीठबाजार, सूक अल-मिल्ह. नाव मिठाचं, मिळतं सगळं: मनुका, जंबियाचे (वाकड्या खंजिराचे) पट्टे, कॉफीची टरफलं. त्या टरफलांचा आलं घालून किश्र करतात, तोच तिथला चहा. घरांचे खालचे मजले दगडी, तिथे पूर्वी गुरं नि धान्य. वर भाजक्या विटा. अगदी माथ्यावर मफ्रज, म्हणजे पुरुषांची बैठक. दुपारी गालात कातचा तोबरा धरून तासन्‌तास गप्पा. (तो पानाचा कात नव्हे, एका झुडपाची कोवळी पानं असतात.) दारांच्या-खिडक्यांच्या वर रंगीत काचेची अर्धगोल कमरिया, म्हणजे झरोके. अंधार पडून घरात दिवे लागले की गल्लीतून वर बघत चालायचं, ठेच लागली तरी चालेल.
घरांच्या मधोमध भाजीचे मळे. मशिदीत वजू केलेलं पाणी त्या मळ्यांना जातं. आपल्याकडे सांडपाण्याच्या पुनर्वापरावर अजून नुसती चर्चासत्रं होतात.
आणि सल्ता! दगडी भांड्यात रटरटणारं कालवण, वर मेथ्या भिजवून फेटलेला फेस. बायकोने घरी करून बघितलं, कडूजहर झालं.
2015 मध्ये नौदलाच्या जहाजाने होदेदाहून जिबूतीला सुटलो. त्याच वर्षी जून महिन्यात बॉम्बहल्ल्यात जुन्या सनातली काही घरं जमीनदोस्त झाली, 2020 च्या पावसात आणखी पडली. युनेस्कोने दुरुस्तीची कामं केली आहेत.

कळसूबाई_1646
उंचीबद्दल कोणीच बोलत नाहीये! सना 2200 मीटरच्या वर आहे. म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर आणखी साडेपाचशे मीटर. वयस्कर माणसाला त्रास होऊ शकतो.

निव्वळ_वाचक
अहो ते सनाला जातच नाहीयेत.

इतिहासप्रेमी
येमेनचा विषय निघालाच आहे तर, वासुदेव बळवंत फडक्यांना तिकडेच ठेवलं होतं. धागाकर्त्याने त्या बाजूला जाऊन यावं.

पायपीट
फडके अंदमानात होते ना?

इतिहासप्रेमी
एडन!! अंदमान नव्हे. तुरुंगाचं दार बिजागऱ्यांतून उचकटून पळाले, पकडले गेले, अन्नत्याग केला आणि 17 फेब्रुवारी 1883 ला तिथेच गेले. एडन तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं. शाळेत शिकवतात काय हल्ली?

येमेन_रिटर्न
पण एडन समुद्रकाठी आहे, सनाच्या डोंगरांशी त्याचा संबंध नाही. आणि बंदी एडनलाही आहे.

खमीसवाला
ऑगस्ट म्हणताय तर सौदीचं असीर, दुसरं काही नाही. तिथलं अब्हा शहर 2200 मीटरवर आहे. सनाची डोंगररांग तीच, सरवात, फक्त उत्तरेकडे. ऑगस्टमध्ये धुकं, पाऊस, संध्याकाळी स्वेटर. जुन्या मातीच्या घरांच्या भिंतींतून पातळ दगडी फरशांच्या ओळी बाहेर काढलेल्या असतात, पावसाचं पाणी भिंतीला लागू नये म्हणून. रिजाल अल्मा गावात कित्येक मजल्यांची दगडी घरं, खिडक्यांभोवती पांढऱ्या गारगोट्या. घरात बायकांनी रंगवलेल्या भिंती, त्या अल-कत्त चित्रकलेला 2017 मध्ये युनेस्कोने मान दिला. चित्रकलेच्या मास्तरांना आणखी काय हवं? आम्ही गेलो तेव्हा रिसॉर्टमध्येच राहिलो, दरीकडची खोली. एका रात्रीचे बाराशे रियाल, पण वसूल.

शारजाकर
दादा, माझं सगळं बजेट 3000 आहे.

खमीसवाला
मग पाच हजार करा. बाबा परत परत येणार आहेत का?

मस्कतकर
सौदी वगैरे सोडा. निझवा, शुक्रवारचा बकरी बाजार, सकाळी लवकर. मात्र डिसेंबरमध्ये.

पायपीट
निझवाला +1. पण तिथल्या जबल अख्दर डोंगरावर सेडान नेऊ नका. पायथ्याच्या बिर्कत अल-मौजच्या चौकीवर पोलीस फोर बाय फोर नसेल तर सोडतच नाहीत. आम्हाला भर उन्हात परत पाठवलं, मग खालून गाडी ठरवली, ड्रायव्हरने तोंडाला येईल तो भाव सांगितला. आधीच ठरवा.

कळसूबाई_1646
जबल अख्दरची उंची बघितलीत का? सैकचं पठार दोन हजार मीटरच्या आसपास आहे.

हिशेबी_हर्षदा
कोणी मुद्द्याचं विचारलंच नाही. बाबा यूएईला व्हिजिट व्हिसावर आहेत ना? सिंगल एंट्री असेल तर ओमानमध्ये पाऊल ठेवलं की तो संपला, परत येताना नवा. तिकिटाआधी मल्टिपल एंट्रीचा काढा. त्यांना ओमानचा व्हिसाही वेगळा लागेल, तुमच्यासारखी रेसिडेन्सी त्यांच्याकडे नाही. सौदीचंही तेच, तिथे भारतीय पासपोर्टवर कागदपत्रं जास्त. आणि गाडीच्या विम्याचं सीमेपलीकडे चालणारं ऑरेंज कार्ड विसरू नका, सीमेवर घ्यायला गेलात तर महाग पडतं.

मस्कतकर
हे मी सांगणारच होतो.

इतिहासप्रेमी
तटबंदीच हवी तर बहला बघा. निझवाच्या अलीकडे. मातीच्या विटांचा कोट जवळपास 12 किलोमीटर, अख्ख्या खजुराच्या बागा कवेत घेऊन. 1987 ला जागतिक वारसा, पुढच्याच वर्षी धोक्याच्या यादीत, 2004 ला बाहेर. शेजारी जब्रीनचा वाडा, आतली छतं रंगवलेली. पण ऑगस्टमध्ये नाही हो, भट्टी असते.

निव्वळ_वाचक
ऑगस्टमध्ये बहला म्हणजे बाबांना तंदूरमध्ये घालणं. अब्हाला अनुमोदन.

कोकणकन्या
अब्हाच. ऑगस्टमध्ये बहला नको.

शारजाकर
सगळ्यांचे आभार. ठरलं: बहला, ऑगस्टमध्येच. अब्हा दोघांनाही आवडलं होतं, पण बाबांचा सौदी व्हिसा नि विमानाची तिकिटं यातच बजेट संपतं. गाडीने अल ऐन, मजयदची सीमा, इब्री, मग बहला. पहिल्या रात्री बहला, सकाळी उजाडताच कोट, नऊच्या आत जब्रीन, मग बिर्कत अल-मौजवरून ठरवलेली फोर बाय फोर आणि तीन रात्री वर सैकला, खालच्यापेक्षा दहा-पंधरा अंश कमी. हर्षदाताई, बाबांचा व्हिसा सिंगलच निघाला होता, कालच मल्टिपलला अर्ज टाकला. येमेन_रिटर्न काका, तुमचा प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचायला लावला. आता विचारतायत, कमरियाच्या काचा जिप्सममध्ये बसवतात त्या कशा? साचा करून की ओल्यावरच कोरून?

येमेन_रिटर्न
जिप्समची लादी ओतून, ओली असतानाच चाकूने कोरतात. काचा मागच्या बाजूने बसवून पुन्हा जिप्सम. पूर्वी काच नव्हती, अलाबास्टर या उजेड आरपार जाणाऱ्या दगडाच्या पातळ चकत्या असायच्या, तशी काही घरं शिल्लक होती. फोटो आहेत, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

मस्कतकर
डिसेंबरात गेला असतात तर बरं झालं असतं.