मदत हवी आहे: भाच्याला मायोकार्डायटिस (हृदयाच्या स्नायूला सूज) सांगितलंय, एमआरआय न करता निदान पक्कं धरायचं का?

नमस्कार मंडळी, भाचा ६ वर्षांचा आहे, पुण्यातच एका पीआयसीयूमध्ये (लहान मुलांचा आयसीयू) ॲडमिट आहे. आधी सर्दी-ताप, मग उलट्या आणि पोट दुखतंय म्हणायला लागला, सिंहगड रोडला घराजवळच्या डॉक्टरांनी पोटाचं इन्फेक्शन धरून औषध दिलं आणि आम्हालाही तेच वाटलं, सोसायटीतल्या निम्म्या पोरांना तेच झालेलं. पण ताप उतरला तरी ठोके खाली येईनात, झोपेतसुद्धा १५० च्या वर, हातपाय गार. पाणी कमी झालंय म्हणून सलाईन लावलं तर धाप अजूनच वाढली. रात्रीच्या ड्युटीच्या डॉक्टरबाईंनी पोट चाचपलं, लिव्हर वाढलंय म्हणाल्या आणि लगेच सलाईन थांबवून ईसीजी, एक्सरे करून घेतला. एक्सरेत हार्ट मोठं, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढतं ते) वाढलेलं, टूडी इकोत (हृदयाची सोनोग्राफी) पंपिंग ३०%. आता मिल्रिनोन (हार्टच्या पंपिंगला मदत करणारं औषध), लॅसिक्स (अंगातलं जास्तीचं पाणी लघवीवाटे काढणारं) आणि हाय फ्लो ऑक्सिजन चालू आहे.

दाजींच्या ओळखीतले सांगतायत की एमआरआय किंवा बायोप्सीशिवाय हे निदान खरं मानू नका, मुंबईला हलवा. ताईला काही सुचत नाहीये, निर्णय माझ्यावर आलाय. कोणी जाणकार असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद १
लहान मुलांच्या आयसीयूत काम करतो म्हणून लिहितोय, पेशंट न बघता सल्ला देणं बरोबर नाही, तरी काय विचारायचं ते सांगतो. एमआरआय चांगलाच आहे, त्याचे लेक लुईस निकष (एमआरआयवरून हे निदान ठरवायचे नियम) २०१८ साली सुधारले गेले, पण त्यासाठी मुलाला बराच वेळ आडवं, न हलता ठेवावं लागतं आणि या वयात गुंगी द्यावी लागते, ३०% पंपिंगवर गुंगी म्हणजे मोठी जोखीम. स्थिर झाल्यावर करतात. बायोप्सीत हृदयाचे बारीक तुकडे काढतात, पण सूज ठिकठिकाणी असते, नेमका सूज नसलेला तुकडा आला तर रिपोर्ट नॉर्मल येतो. त्यामुळे लक्षणं, ईसीजी, ट्रोपोनिन आणि इको जुळवून उपचार सुरू करणं हेच बरोबर, थांबून राहणं नाही.

डॉक्टरांना हे विचारा: कोरोनरी नसा (हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या) योग्य जागेवरून निघतायत हे इकोत बघितलं का, कारण ती गडबड असेल तर चित्र असंच दिसतं. जास्त ठोके हे रिदमच्या (ठोक्यांच्या लयीच्या) बिघाडाचे तर नाहीत ना, कारण सतत पळून पळूनही हार्ट थकतं. कोविडनंतरची सूज, डेंग्यू तपासले का. आणि घटसर्पाची लस पूर्ण आहे का बघा, तो हार्टला थेट धरतो. आयव्हीआयजी (शिरेतून दिली जाणारी अँटीबॉडीज) काही ठिकाणी देतात, पण फायदा नक्की सिद्ध नाही, त्यासाठी भांडू नका.

हलवण्याबद्दल: मोठं नाव बघून नको. खरा प्रश्न एकच, रिदम अचानक बिघडला किंवा बीपी कोसळलं तर एकमो (हृदय-फुफ्फुसाचं काम तात्पुरतं बाहेरून करणारं मशीन) कुठे मिळेल आणि तुमचे डॉक्टर त्या टीमशी आधीच बोललेत का. हलवायचंच तर स्थिर असताना, पीआयसीयूची टीम सोबत घेऊन, साध्या ॲम्ब्युलन्सने अजिबात नाही.

धागाकर्ता
खूप आभार सर. लसीचं कार्ड सापडलं, ५ वर्षांचा बूस्टर झालेला आहे. कोरोनरीचं विचारलं, बघितल्यात आणि नॉर्मल आहेत म्हणाले. एकमोचं मात्र अजून कोणी बोललं नव्हतं, संध्याकाळच्या राउंडला तेच पहिलं विचारतो. पुण्यात लहान मुलांचं एकमो नेमकं कुठे होतं हे कोणाला पक्कं माहीत असेल तर मेसेज करा.