मदत हवी आहे: बाबांच्या घोट्यावरची गाठ, बुरशीचं निदान

रेवा_सांगोला
बाबांच्या (वय ५८) घोट्यावर सुपारीएवढी गाठ आहे, दुखत नाही. सुईने पाणी काढलं, त्यात काळी बुरशी निघाली. बुरशीवरचं औषध इट्राकोनाझोल २०० मिग्रॅ सकाळ-संध्याकाळ सुरू करून ९ दिवस झाले, गाठ तेवढीच. किती दिवस लागतात? औषध बदलून घेऊ का? लवकर सांगा.

मळेकर
काळी बुरशी म्हणजे २०२१ मधलीच ना? आधी डोळे आणि सायनस तपासा!

शेवंती
टॉवेल वेगळा ठेवा, कपडे उन्हात वाळवा. आमच्याकडे सगळ्यांना गजकर्ण झालं होतं.

लॅबवाला_दादा
मळेकर, ती म्युकर. तिथे मेलेली कातडी काळी पडते. इथे बुरशीच काळपट असते, मातीत-लाकडात राहते. रेवाताई, काटा मोडला होता का? शुगर? बाकी गोळ्या कुठल्या?

रेवा_सांगोला
बाभळीचा काटा, दिवाळीच्या सुमारास. शुगर नाही. गोळ्या किडनीच्याच, ३ वर्षांपूर्वी बदलली ना. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस आणि स्टेरॉइड.

काकडे_आजोबा
कडुलिंब-हळदीचा लेप लावा. माझं नायटं १५ दिवसांत गेलं.

नेफ्रो_नर्स
आजोबा, ही गाठ कातडीच्या खाली आहे, लेप तिथे पोचत नाही. रेवा, ही गोष्ट पहिल्या ओळीत हवी होती! इट्राकोनाझोलमुळे टॅक्रोलिमस रक्तात साठतं. हात थरथरतात का?

रेवा_सांगोला
हो. काल चहाची बशी हातातून सांडली. वयामुळे असेल वाटलं. किडनीच्या डॉक्टरांना ही गोळी सुरू झाल्याचं आम्ही कळवलंच नाही.

नेफ्रो_नर्स
आत्ता फोन करा. उद्या सकाळचं टॅक्रोलिमस घेण्याआधी त्याच्या लेव्हलचं रक्त द्या, क्रिएटिनिनही (किडनी कशी चालते ते कळतं). मनाने काहीच बंद करू नका.

लॅबवाला_दादा
इट्राकोनाझोलची कॅप्सूल भरल्या पोटी घेतात ना? पॅन्टोप्राझोल (अ‍ॅसिडिटीची गोळी) चालू असेल तर ती नीट शोषली जात नाही. आणि अशी एकच गाठ असेल तर सर्जन काढूनच टाकतात. तेव्हा एक तुकडा सलाईनमध्ये मागा. सगळं फॉर्मालिनमध्ये टाकलं की बुरशी मरते, मग कल्चर (लॅबमध्ये ती वाढवून ओळखणं) होत नाही. रिपोर्टला ४ आठवडेही लागतात.

मळेकर
माझ्या मेव्हण्याला बुरशीवर अँफोटेरिसिनचं इंजेक्शन दिलं होतं...

नेफ्रो_नर्स
ते किडनीला जड असतं, उगाच सुचवू नका.

रेवा_सांगोला
टॅक्रोलिमसची लेव्हल १९ आली. मागच्या वेळी ६ होती. डॉक्टरांनी त्याचा डोस कमी केला, गुरुवारी परत रक्त. गाठ पुढच्या आठवड्यात काढणार, सलाईनच्या बाटलीचं मी आधीच बोलून ठेवलंय. इट्राकोनाझोल मात्र काही महिने चालेल म्हणाले.

नेफ्रो_नर्स
बरं झालं. ते बंद होईल त्या दिवशीही किडनीच्या डॉक्टरांना कळवा. तेव्हा लेव्हल उलटी खाली जाते, आणि नव्या किडनीला तेही चालत नाही.