मुंबईची भूकंपप्रवणता विभागवार मोजून जाहीर करावी का?

खडकमाती:
भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीनुसार मुंबई तिसऱ्या, म्हणजे मध्यम तीव्रतेच्या भूकंपक्षेत्रात येते. मात्र हा एकच शिक्का मलबार हिलच्या बेसाल्टलाही लागतो आणि समुद्र हटवून भरावावर वसवलेल्या चर्चगेट, नरिमन पॉइंटलाही. १९८५ मध्ये मेक्सिको सिटीपासून साडेतीनशे किलोमीटरहून दूर झालेल्या भूकंपात जुन्या तळ्याच्या गाळावरील वस्त्यांची अतोनात हानी झाली, तर त्याच शहरातील टणक जमिनीवरचे भाग बऱ्याच अंशी वाचले. २००१ च्या भुज भूकंपात दोनशे किलोमीटरहून दूरच्या अहमदाबादेत ज्या बहुमजली इमारती कोसळल्या, त्यांतील अनेकींचा तळमजला वाहनांसाठी मोकळा सोडलेला होता. आपल्या उपनगरांत अशा इमारती गल्लोगल्ली आहेत. जमीन, इमारतींचे वय व रचना, रस्त्यांची रुंदी आणि रुग्णालयांची स्थिती तपासून महापालिकेने प्रत्येक विभागाचा नकाशा लोकांसमोर ठेवावा, असे माझे ठाम मत आहे.

गिरगावकर:
मला हे मान्य नाही. महापालिकेच्या एकट्या डी विभागात मलबार हिलही आहे आणि गिरगावातल्या चाळीही. त्यांची सरासरी काढून कोणाच्या हाती काय लागणार? याहून गंभीर बाब अशी की, इमारत 'सी-१', म्हणजे अतिधोकादायक ठरली की भाडेकरूला घर सोडावे लागते, आणि संक्रमण शिबिरात गेलेली कुटुंबे वर्षानुवर्षे तिथेच अडकून पडतात. नकाशात एखादी गल्ली लाल झाली, तर तो कागद सर्वांत आधी घरमालक आणि विकासक वापरतील. शिवाय भेंडी बाजारातील हुसैनी इमारत २०१७ मध्ये आणि डोंगरीतील केसरबाई इमारत २०१९ मध्ये कोसळली, ती भूकंपाविना. पैसा आधी तिथे लागला पाहिजे.

तुळई:
मी संरचना अभियंता आहे. जुनी चाळ लाकडी आहे म्हणून ती आपोआप दुबळी ठरत नाही. लाकडी सांगाडा हलका असतो आणि थोडाफार वाकू शकतो. खरा घात होतो तो तुळईच्या भिंतीत गेलेल्या टोकाशी, विशेषतः मोरीच्या बाजूला, जिथे वर्षानुवर्षे पाणी मुरून लाकूड कुजलेले असते आणि वरून मात्र रंग ताजा दिसतो. काँक्रीटच्या इमारतीतही दोष असाच झाकलेला राहतो. खांब आणि तुळई जिथे मिळतात तिथे उभ्या-आडव्या सळ्यांना वेढणाऱ्या लोखंडी रिंगा एकमेकींच्या जवळ हव्यात आणि त्यांची टोके आत, काँक्रीटच्या गाभ्यात वळवलेली हवीत. ती नुसती काटकोनात वळवली असतील, तर जोराच्या हादऱ्यात रिंग उघडते. रस्त्यावर उभे राहून केलेल्या पाहणीत मोकळा तळमजला किंवा बाहेर काढलेले सज्जे दिसतील, रिंगा दिसणार नाहीत. त्यामुळे केवळ अशा पाहणीवर विभागांची क्रमवारी लावण्यास माझाही विरोध आहे. मात्र ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी मुंबई महानगरपालिका कायद्याच्या कलम ३५३-ब नुसार बंधनकारकच आहे. ते अहवाल एकत्र करून जमिनीच्या नकाशावर मांडले, तर भूकंप आणि पावसाळा या दोन्हींसाठी प्राधान्यक्रम ठरवता येईल.

खडकमाती:
सरासरी मलाही नको आहे. मोजणी इमारतनिहाय व्हावी, पण उत्तरदायित्व विभाग कार्यालयाचे असावे, कारण धोकादायक इमारतींच्या नोटिसा तिथूनच निघतात आणि दुर्घटनेनंतर ढिगारा उपसण्याची यंत्रणाही तिथूनच हलते. गिरगावकर, आपली भीती रास्त आहे. तरीही माहिती दडवल्याने भाडेकरूचे रक्षण होत नाही. घरमालकाला इमारतीची अवस्था ठाऊक असते, अंधारात राहतो तो भाडेकरूच.

गिरगावकर:
मग एक अट घाला. ज्या इमारतीला धोकादायक म्हणायचे, तिचा अहवाल प्रथम तिथल्या रहिवाशांच्या हाती मराठीत द्यावा, दुसऱ्या अभियंत्याकडून फेरतपासणी करून घेण्याचा त्यांचा हक्क मान्य करावा आणि त्याच विभागात पर्यायी घराची लेखी हमी द्यावी. एवढे होत नाही तोवर या नकाशाला माझा विरोध कायम राहील.