रोज चालवायला जुनी फियाट की नवी गाडी?

दांडियाबाजारकर
आमच्याकडे आजोबांची १९६७ ची फियाट ११००डी आहे. आता नवी ऑटोमॅटिक घ्यायची आणि फियाट काढून टाकायची, असा घरच्यांचा धोशा चाललाय. माझा ठाम विरोध आहे. ही गाडी विकू नये आणि झाकूनही ठेवू नये, रोज चालवावी.

१०८९ सीसीचं इंजिन. बॉनेट उघडलं की कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, डायनॅमो सगळं समोर. बडोद्याच्या मे महिन्यात मांडवीच्या गर्दीत इंजिन तापलं की नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, इंजिनाजवळच्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपाला ती ओढता येत नाही आणि गाडी बसते. ओलं फडकं पंपावर गुंडाळायचं, जरा थांबायचं, चोक न ओढता स्टार्टर मारायचा. निघाली! नव्या गाडीत पिवळा दिवा लागला की स्कॅनर लावेपर्यंत मिस्त्रीही काही सांगू शकत नाही.

अलकापुरीतून
दादा, बंद पडलेली गाडी चालू करता येते हो, पण धडक बसली तर? अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने २००९ मध्ये १९५९ ची शेवरोले बेल एअर आणि २००९ ची मालिबू ताशी ६४ किलोमीटरने समोरासमोर आदळवल्या. बेल एअर अवाढव्य, जाड पत्र्याची. तरी तिची केबिन चेपली, स्टिअरिंग चालकाच्या जागी बसवलेल्या पुतळ्याच्या अंगावर आलं. खरा माणूस असता तर वाचला नसता. मालिबूच्या चालकाला फार तर पायाला दुखापत झाली असती. नव्या गाडीचं नाक मुद्दाम चुरगळतं, धक्का तिथेच जिरतो. ‘जुना पत्रा मजबूत’ हे आपल्याकडे सगळे म्हणतात, त्याचा मला मनापासून राग येतो. त्यावर विसंबून लोक घरच्यांना बसवतात. तुमच्या फियाटला चारही चाकांना ड्रम ब्रेक, एअरबॅग नाही, जोरात ब्रेक मारल्यावर चाकं अडकू न देणारं एबीएस नाही.

दांडियाबाजारकर
ब्रेकचं मान्य. पण मी कुठे एक्सप्रेसवेवर नेतोय? रावपुरा, कमाटीबाग, फार तर स्टेशन. वेग तीस-चाळीसचा. सीटबेल्टही बसवून घेतो.

मांजलपूरचा गॅरेजवाला
काका, बेल्टचा बोल्ट नुसत्या पत्र्यात कसू नका, झटक्यासरशी पत्र्यासकट उपटून येईल. आतून जाड पट्टी वेल्ड करून घ्या, आणि आधी तळ गंजलाय का ते टोचून बघा. दुसरं, पेट्रोल पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. जुन्या रबरी नळ्या आणि गाडीतल्या पंपाचा पडदा त्याने खराब होतो. नळी भेगाळून पेट्रोल गरम इंजिनावर ठिबकलं तर आग लागेल. नळ्या आधी बदला.

सुरसागरकाठ
२०२१ च्या केंद्राच्या नियमांत पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. पण मग ती रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यासाठीच रस्त्यावर. माझ्या मते तेच योग्य. २०२३ च्या जानेवारीत लक्ष्मी विलास पॅलेसला जुन्या गाड्या आल्या होत्या, तशी मिरवा की.

दांडियाबाजारकर
विंटेज नोंद मी करणार नाही. मिस्त्र्यांचा हात चालू राहतो तो रोजच्या गाडीवर. वर्षातून एकदा निघणाऱ्या गाडीसाठी डिस्ट्रिब्युटरमधले ठिणगीचे पॉइंट घासायला कोण शिकेल? नळ्या आणि पट्टी मात्र या आठवड्यातच करतो.

अलकापुरीतून
करा. तुम्ही एकटे चालवा, माझं काही म्हणणं नाही. पोरांना शाळेत सोडायला मात्र नवी गाडी घ्या. तुमचा वेग तीसचा असेल, समोरून येणाऱ्या डंपरचा नसतो.